लेकराले वंगाळ बोलायचं

सोनीबाई माही सासू. तिले मी याडी म्हणते, आमच्या तांड्यात आईले याडीच म्हणतात. एकेकाळी तिच्या शिव्यांच्या धाकानं कुत्रंही अंगणात पाय ठेवत नव्हतं. आर्णीले रविवारच्या प्रार्थनेले जायले लागली अन् बाई पार बदलली. म्हणे, येशूनं तोंड आशीर्वादासाठी देल्लं, शाप द्यायले नाही. मी मात्र होती तशीच, तिखट.

त्या दिवशी सकाळी शेजारची ममता आपल्या तान्ह्या बादलले घेऊन आमच्या दारी आली. तांड्यात तान्ह्या लेकराले कोणी चांगलं म्हणत नाही. "कसं माकडावानी दिसते" म्हणायचं, मंग नजर लागत नाही. हे याडीलेही ठाऊक. तरी तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला. "किती सुंदर लेकरू! देवानं तुही ओटी भरली, माय." ममतानं झटकन लेकरू पदराखाली झाकलं अन् निघून गेली.

दुपारी बादल तापानं फणफणला, डोळे फिरवायले लागला. माहा नवरा संजय गाडी घेऊन पांढरकवड्याले गेलता. तांड्यात गाडी उरली ती ममताच्या दिराची, बाबूसिंगची. याडी अन् मी ममताच्या दारी धावलो, तर तो गाडीवर बसून नुसती चाबी फिरवून राह्यला होता!

"जिनं नजर लावली तिनंच उतरवावी," तो याडीले म्हणाला. "सगळ्यांसमोर लेकराले वंगाळ बोल, मर म्हण. मंग नेतो दवाखान्यात."

"अरे मुडद्या, लेकरू हातचं जाऊन राह्यलं!" मी ओरडली.

"मंग तुह्या सासूले सांग."

याडीनं हात जोडले. "भाऊ, तुह्या पाया पडते, आधी त्याले ने. मर कसं म्हणू रे? माह्या तोंडून निघत नाही आता."

तो जागचा हलला नाही. बायकाही मागं लागल्या, "बोल न वं, बोल!" ममता तर पायाशीच येऊन पडली. मलेही याडीचाच राग आला. म्हटलं, "बोलून टाक न एकदाचं! तुह्या देवाले समजत नाही का?"

याडीनं बादलकडे पाह्यलं. "काळतोंड्या," ती म्हणाली, "माकडा, मर तू." अन् तोंडात पदर कोंबून मटकन खाली बसली.

"उतरली नजर," बायका म्हणाल्या. बाबूसिंगनं ममताले अन् लेकराले बसवून गाडी काढली. याडी एकच घोकत राह्यली, "बापा, त्याले जगव, माहा शब्द माह्यावर घे." मले वाटलं, सुटलो एकदाचे. कसली गाढव मी!

उन्हं उतरता गाडी परतली. ममताच्या मांडीवर लेकरू तोंडावरून झाकलेलं होतं. डॉक्टर म्हणे, आणायले उशीर केला. गाडी ममताच्या घरी गेली नाही, सरळ आमच्या अंगणात आली. मागून सारा तांडा आत शिरला.

"सोनीबाई काय बोलली ते सगळ्यांनी ऐकलं न?" बाबूसिंगनं विचारलं. बोल बोल म्हणून जीव खाणाऱ्या बायकांनीच माना हलवल्या. माह्या अंगाची आग झाली. मी तोंड उघडलं, तर याडीनं मले मागं ओढलं.

"उज्ज्वला, शिव्या नको देऊ. तिचं लेकरू गेलं." अन् ती ममतापुढं गेली. "ये माय, बस. घोटभर पाणी पी."

ममतानं वर पाह्यलं. "तूच म्हणलं न त्याले, मर."

बाबूसिंगनं आमच्या अंगणाच्या फाटकाची कडी आतून लावली.