घंटेचा मान

काशानच्या त्या जुन्या तालमीत शिरायचे तर कमरेत वाकावे लागे. आत येणाऱ्याने मान लववूनच यावे म्हणून दार मुद्दामच ठेंगणे बांधले होते. दारासमोरील उंच ओट्यावर मातीचा ढोल मांडीवर घेऊन तालमीचे गुरू, मुर्शिद नुसरतुल्ला बसत. खाली अष्टकोनी हौदात मल्ल मुद्गल फिरवीत आणि मुर्शिदांच्या थापेवर, त्यांच्या गायनावर त्या भुजा चालत. ओट्यावर साखळीला पितळी घंटा टांगली होती. ज्याचे बळ आणि शील दोन्ही गावाने मानले, अशा पहिलवानाच्या आगमनालाच ती वाजे. इतरांना ढोलाची थाप पुरे. तीर्थयात्रा केल्यामुळे ज्यांना सारे मश्दी म्हणत, ते शाबान सुतार तारुण्यापासून येत होते. त्यांची दाढी पांढरी झाली, तरी घंटा त्यांच्यासाठी कधी वाजली नव्हती, आणि त्यांनी ती मागितलीही नव्हती.

आता हौदात उतरणारे बहुतेक असेच वृद्ध उरले होते. मुर्शिदांचा नातू रादीन अकरा वर्षांचा. शाळेतून आला की गालिच्यावर पालथा पडे, तो जेवणापर्यंत मोबाइलमध्ये. चार पायऱ्या चढताना त्याला धाप लागे. मुर्शिदांनी गोडीने सांगून पाहिले, रागावून पाहिले; आता सांगण्याचाही शीण आला होता.

"नुसतं बोलून काय होतंय, बाबा?" सून फरंगीस म्हणाली. "त्याच्या खेळात पाऊल टाकलं की तुताऱ्या वाजतात. तुमच्याकडे काय मिळतं? घामाचा वास!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने मुलाला दारातून आत ढकलले. त्याचे ते उदास मुख पाहून मुर्शिदांचा थकलेला हात साखळीकडे गेला. घंटा वाजली.

हौदातले मुद्गल जागीच थबकले. रादीन मात्र उजळून निघाला, खाली उतरला आणि मन लावून खेळला.

व्यायाम संपल्यावर शाबान कपडे घडी करीत म्हणाले, "मुबारक, मुर्शिद! गावाला नवा पहिलवान मिळाला."

"मश्दी, पोर आहे हो ते."

"मी कुठं काय म्हणतोय? आमचे कान म्हातारे. मला वाटलं, गच्चीवरची टाकी पडली."

मुर्शिद हसले नाहीत. रात्रभर ते वाक्य त्यांच्या उशाशी होते.

दुसऱ्या दिवशी रादीन आपण होऊन आला, पण दारातच थांबला. "आजोबा, घंटा!"

"आज नाही."

"काल तर वाजवलीत!"

"काल चुकलो. तू यावंस म्हणून वाजवली. तो मान तुझा नव्हता, बाळा."

"मग मी येत नाही, जा!" मुलगा दाराजवळच्या बाकावर बसला आणि त्याने मोबाइल काढला.

साखळी हाताशीच होती. एकदा ओढली असती, तर मुलगा खाली उतरला असता, हे मुर्शिद जाणून होते. त्यांनी दोन्ही हात ढोलावर ठेवले आणि थाप धरली.

बऱ्याच वेळाने बाकावरून प्रश्न आला, "शाबानआजोबा, तुमच्यासाठी वाजते का घंटा?"

"माझ्यासाठी? मी मेल्यावर वाजवतील. ऐकायला कोण असणार?"

"मग येता कशाला?"

"घरी बायको भाजी निवडायला बसवते रे! पुदिना, मेथी, कांद्याची पात, एवढा ढीग! त्यापेक्षा हे हलकं." शाबानांनी खांद्यावरचे मुद्गल तोलले. "यायचं तर ये, नाहीतर बाहेर हो. दार उघडं टाकलंयस, वारा येतोय."

रादीनला हसू फुटले. बूट काढून त्यात मोबाइल कोंबून तो खाली आला. मोठ्यांसारखी हौदाच्या काठाला बोटे टेकवून त्याने ती आदराने ओठांना लावली आणि मुद्गलांची सर्वांत लहान जोडी उचलली. दुसऱ्याच फेऱ्यात तो लयीमागे पडला.

मुलाला ती गाठता यावी म्हणून मुर्शिदांनी लय उतरवली. लय मंदावते तेव्हा मोठ्यांचा जड मुद्गल पाठीमागे अधिक वेळ लोंबकळतो आणि त्याचा भार दुपटीने जाणवतो. वृद्धांच्या भुजा थरथरू लागल्या.

"मुर्शिद, झोपलात की काय? माझा खांदा निखळला!"

"सोसा, मश्दी."

"सोसतोय की! दुसरं काय करतोय?"

मुलाचा श्वास भात्यासारखा चालला होता. मुर्शिदांनी लय आणखी एका थापेने उतरवली. कोणीही मुद्गल खाली ठेवला नाही.