न मिळालेले हात

त्या रविवारी मौन सुटल्यावर सभेचे दोन तुकडे व्हायचे होते, आणि मौन सोडण्याचे काम हिल्डा गार्नेटकडे आले होते.

क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या, त्या डोंगराळ गावातल्या सभाघरात पुरोहित नव्हता, स्तोत्र नव्हते, घंटाही नव्हती. सगळे बाकांवर निःशब्द बसत. कुणाला आतून प्रेरणा झालीच तर उठून चार वाक्ये बोले. तासाभराने नेमलेल्या दोघांनी एकमेकांचा हात हाती घेतला, की सभा संपे. लहानपणी आईच्या कुशीत पेंगताना हिल्डाने याच क्षणाची वाट पाहिली होती. आज, पंचाहत्तरी ओलांडल्यावर, तो येऊच नये असे तिला वाटत होते.

भांडणाचे मूळ मधल्या मेजावर होते. तिथे पिढ्यान्‌पिढ्या बायबल असे. अलीकडे आलेल्या मंडळींत कुणी बौद्ध पद्धतीने ध्यान करणारे होते, कुणी ईश्वर न मानणारे. त्यांना मौन हवे होते, ग्रंथ नको होता. वसंतात त्यांच्यातल्या टॅम्सिन हॉइलने तो उचलून कपाटात ठेवला आणि त्या जागी पिवळी फुले मांडली. पुढच्या रविवारी हिल्डाने ग्रंथ परत आणून फुलांशेजारी ठेवला. तेव्हापासून मेजावर ग्रंथही असे आणि ताजी फुलेही. मग चहाच्या वेळी जुन्यांपैकी कुणी म्हणाले, ज्यांना देव नको असेल त्यांच्यासाठी शाळेत योगाचे वर्ग भरतातच की. नव्यांतून उत्तर आले, शाळेत निदान हीटर तरी चालतो. तेव्हापासून दोन्हीकडचे लोक समोरासमोरच्या बाकांवर, न्यायालयातल्या पक्षकारांसारखे बसू लागले.

अखेर चिटणीस अँब्रोजने सुचवले, की जुन्यांनी सकाळी बसावे, नव्यांनी दुपारी. इथे मते मोजत नसत. सर्वांना एकच गोष्ट उमजेपर्यंत थांबत. कित्येक महिन्यांत सर्वांना उमजलेली अशी ही एकच गोष्ट होती. मौनानंतर ती लिहायची, एवढेच उरले होते.

तास सरला. हात मिळवायला नेमलेली दुसरी टॅम्सिनच होती, म्हणून रिवाजाप्रमाणे ती आज हिल्डाशेजारी बसली होती. हिल्डाला मांडीवरचा हात उचलवेना. जे शपथही घेत नाहीत, कारण साधे बोलणेच सत्य असले पाहिजे, त्यांच्यात ती वाढली होती. मनात राग असताना पुढे केलेला हात ही तिच्या लेखी खोटी साक्ष होती. तिने डोळ्यांच्या कडेने पाहिले. टॅम्सिनचे दोन्ही हात शालीखाली होते.

कुणी हलेना. खिडकीतले ऊन मेजावरून सरकून भिंतीवर चढले. कुणाचे तरी पोट गुरगुरले. अँब्रोज अर्थपूर्ण खोकला, मग हळूच म्हणाला, "हिल्डा, घरी ओव्हनमध्ये मांस ठेवून आलोय मी."

"करपू दे," हिल्डा म्हणाली. "माझा हात आत्ता खरा नाही."

"माझाही नाही," टॅम्सिन म्हणाली.



"तुझा राग कशाचा?" टॅम्सिनने समोर पाहतच विचारले.

"न विचारता उचललंस. माझ्या नवऱ्याला, जॉर्जला अखेरचा निरोप दिला तेव्हा ते पुस्तक तिथंच होतं. विचारलं असतंस, तर कदाचित मीच उचलून दिलं असतं." हिल्डा थांबली. "नसतंही दिलं. आणि तुझा?"

"आम्हाला शाळेत जा म्हणाले, तेव्हा तू कप विसळत होतीस. तू एक शब्द बोलली असतीस ना, तर ते गप्प झाले असते. गप्प बसण्याचा अर्थ इथं तुझ्याइतका कुणाला कळतो?"

ते खरे होते, आणि इतक्या लोकांसमोर खरे होते.

"मग मी ठराव लिहू का?" अँब्रोजने विचारले.

"सभा संपल्याशिवाय तुला लेखणी उचलता येत नाही," टॅम्सिन म्हणाली. जुन्यांच्या बाकावरून कुणीतरी हसले, आणि लगेच हसू आवरले.

नियम तोच होता. हात मिळाले नव्हते, म्हणून सभा चालू होती. सभा चालू होती, म्हणून तिचे दोन तुकडे करता येत नव्हते. लोक एकेक करून उठले. चहाला कुणी थांबले नाही. मेजावर ग्रंथ आणि फुले दोन्ही तशीच राहिली.

दाराशी टॅम्सिन घुटमळली. "म्हणजे रविवारी पुन्हा याच जागी बसायचं?"

"याच जागी."

"तोवर राग गेला नाही तर?"

"तर बसून राहायचं," हिल्डा म्हणाली. "जाड शाल आण. हीटर चालत नाही."

टॅम्सिन हसली नाही. पण होकारार्थी मान हलवून गेली. उतारावरून घरी जाताना हिल्डाने तो न दिलेला हात कोटाच्या खिशात घट्ट धरून ठेवला. तो अजून कुणाच्याच हातात गेला नव्हता, आणि त्याचे ओझे होत होते.