गोणीत लपवलेली घोंगडी

मी एक जुनी, काळी घोंगडी आहे. मित्रांनो, निंबर्ग्याच्या सिद्धाप्पांनी स्वतःच्या मेंढ्यांची लोकर कातरली, त्यांच्या पत्नी पद्माबाईंनी सूत काढलं, तेव्हा मी झाले. पुढे मेंढ्या गेल्या. सिद्धाप्पा मजुरीला जाऊ लागले, पण मी त्यांच्या खांद्यावरच राहिले.

१९९८ साली त्यांचा मुलगा सिद्धराम बीदरच्या एका दवाखान्यात कामाला लागला. "नातीला पांघरायला ने," म्हणून सिद्धाप्पांनी मला त्याच्याकडे दिलं. बायको मंगल आणि लहानग्या प्रतीक्षाला घेऊन तो खोली शोधत फिरला. खोली पसंत पडली की घरमालक विचारायचे, "कुणापैकी तुमी?" सिद्धराम म्हणायचा, "धनगर." मग ती खोली आधीच कुणाला तरी दिलेली निघायची.

पाचव्या घरी जाताना मंगलने मला गोणीत कोंबलं. "शेतकरी हाव," एवढंच सिद्धराम बोलला. सुशीलाबाईंनी खोली दिली. त्या प्रतीक्षाला मांडीवर घेऊन भात भरवायच्या.

वर्षभराने प्रतीक्षाला थंडीताप आला. पोर कुडकुडायला लागली, तसं मंगलने मला बाहेर काढून तिच्याभोवती गुंडाळलं. मला केवढं बरं वाटलं! ताप उतरल्यावर तिने मला अंगणात उन्हात टाकलं. सुशीलाबाई थबकल्या.

"हे कुणाचं?"

"आमचंच. सासऱ्यांनी केलेलं."

"तुमी धनगर व्हय! महिनाअखेर खोली सोडा."

प्रतीक्षा त्यांच्याकडे धावली. त्यांनी हात मागे घेतला. त्या पोरीचा चेहरा मी अजून विसरले नाही.

सामान आवरायला सिद्धाप्पा आले. म्हणाले, "घोंगडी मी गावाकडं नेतो. तिच्यापायी तुमाला तरास नको."

"न्हाई मामा," मंगल म्हणाली. "आता लपवायची न्हाई."

मला खांद्यावर टाकून ती गल्लोगल्ली हिंडली. एका दारात गुरुबाई नावाच्या म्हाताऱ्या डाळ निवडत होत्या. मंगलने आधीच सांगून टाकलं, "आमी धनगर हाव."

"मी इचारलं का?" गुरुबाई म्हणाल्या. "पाणी दिवसाआड येतंय. चालंल का, ते सांग."

मंगल पायरीवर बसली आणि माझ्या पदरात तोंड लपवून रडली. गुरुबाईंनी सूप बाजूला ठेवलं नि तिच्या पाठीवर हात फिरवला.

गुरुबाईंच्या खोलीत आम्ही पंधरा वर्षं काढली. आज प्रतीक्षा शिकायला गुलबर्ग्याला निघाली आहे. मी तिच्या हातावर आहे. मित्रांनो, लोकरीला ऊन दाखवत राहा, म्हणजे ती टिकते. आणि ही मुलगी खोली विचारत तुमच्या दारी आली, तर तिला आधी बसायला सांगा.