चिंध्यांची बाभळ

आकाराम दातांनी गाठ सोडवत होता, तेव्हा मागून साळूबाई म्हणाल्या,

"सायेब, आधी पायताण काढा. आन् द्येवीला उष्टं करू नगा."

त्यानं गाठ तोंडातून काढली. बाभळीवर चिंध्या एवढ्या झाल्या होत्या की काटे दिसत नव्हते. त्यातल्या मोजक्या त्याच्या होत्या. कोणत्या, ते आता देवीलाच ठाऊक.

वास्तविक तिथं देवी नव्हती, प्रयोग होता. लालासाहेबांच्या साखर कारखान्यात उसाचा रस गोरा करायला गंधक जाळत आणि उरलेला धूर नळीवाटे साळूबाईंच्या पानमळ्यावर सोडत. वेलीवर पानं करपत, खोपीत नातवंडं खोकत. आकाराम सांगलीहून रसायन शिकून याच कारखान्यात लागलेला. धूर चुन्याच्या निवळीतून नेला की गंधक तिथंच अडकतं, म्हणून त्यानं एक हौद आखला होता. लालासाहेब म्हणाले, धूर मळ्यापर्यंत पोचतो हे आधी दाखव. लढाईमुळं आम्ल ओळखायचे विलायती तपासकागद मिळेनात. मग त्यानं धोतर फाडलं, चिंध्या जास्वंदीच्या रसात बुडवल्या आणि मळ्याच्या वाटेवर बांधल्या. धूर लागला की रंग उडणार, हा पुरावा.

पण वाटेवरच्या झाडाला चिंधी दिसली की आपलीही एक फाडून शेजारी बांधायची, ही इकडची रीत. कोणी बांधली, का बांधली, असल्या चौकशा देवाच्या कामात कुणी करत नाही. बाजाराला जाणाऱ्यांनी लुगड्याचे काठ बांधले, पटक्यांचे शेव बांधले, एकानं पलटणीतल्या पोराच्या खाकी सदऱ्याची बाही बांधली. देवीसाठी नवं कापड कोण फाडतो? सगळ्याच चिंध्या रंग उडालेल्या. पुराव्याचं वाटोळं झालं.

आकारामनं साळूबाईंना हे सगळं, हवेतल्या आम्लापासून चुन्यापर्यंत, समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजी धुरानं रंग जातुया. व्हय?"

"हो."

"मग कारखानवालं द्येवीच्या अंगावर धूर सोडत्यात म्हणा की."

संध्याकाळपर्यंत हेच वाक्य बाजाराच्या वाटेवर सगळ्यांच्या तोंडी झालं.

दुसऱ्या दिवशी भट्टीवाला ज्ञानू गंधक पेटवेना. बायको पोटुशी असताना देवीच्या तोंडावर धूर सोडायचा नाही, म्हणाला. उसाचा रस टाकीत आंबायला लागला. तेव्हा आकारामच्या आकडेमोडीला दोन हंगाम हसलेले लालासाहेब स्वतः बाभळीपाशी आले, बूट काढले, रेशमी रुमालाची कड फाडून बांधली आणि म्हणाले, उद्याच बंदोबस्त करतो.

आता आपला हौद होणार म्हणून आकाराम पहाटेच कारखान्यावर चुना भिजवायला गेला. फिटर शिडीवरून उतरत होता. त्यानं नळीचं तोंड फिरवून दुसऱ्या बाजूला केलं होतं.

"देवीकडं पाठ केली धुराची," खाली उभे असलेले लालासाहेब म्हणाले. "आता झालं समाधान?"

"साहेब, पण तिकडं धुळा धनगराचा मेंढवाडा आहे. मेंढरं आहेत, लेकरं आहेत."

"ते हाय. पण देवी हाय का?"



ऊन चढल्यावर आकाराम तिकडं गेला. दुष्काळी माणदेशातून चाऱ्यासाठी आलेला धुळा वाड्यापाशी काठीवर रेलून उभा होता आणि मेंढरं माणसांसारखी खोकत होती. वाटेच्या कडेची झाडं आकारामनं नीट पाहिली, एक हिवर पसंत केला. सदऱ्याचा शेव फाडला. जास्वंदीच्या रसाची आता गरज नव्हती. त्यानं पक्की गाठ मारली, पायताण काढून बाजूला ठेवलं, हात जोडले, आणि धुळा बघतोय ना, हे एक डोळा उघडून पाहून घेतलं.

धुळा काठी टेकत जवळ आला.

"हितं बी हाय व्हय, सायेब?"

आकारामनं डोळे मिटले.

"हळू बोल," तो म्हणाला.