मधुवंतीचा हुरडा

ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही. मधुवंतीची ज्वारी मी जाणूनबुजून तोडली. तिचं चार वर्षांचं काम त्या कणसांत होतं, हे त्या दिवशी जमलेल्या तीस माणसांत फक्त मला ठाऊक होतं.

आधी बागेचं सांगते, कारण बाग माझी. मुलींच्या होस्टेलमागे गाजरगवत माजलेली जागा होती, तिथे कुत्री व्यायची आणि बिअरच्या बाटल्या पडायच्या. माझे यजमान हर्षवर्धन चंदीगडच्या युनिव्हर्सिटीत केमिस्ट्री शिकवतात. मी शिकवत नाही. पण तेवीस वर्षं या कॅम्पसवर राहतेय आणि माझ्यावाचून इथलं पान हलत नाही, असं माझं मत आहे. रजिस्ट्रारच्या केबिनमध्ये दोन वर्षं खेटे घातले, तेव्हा कुठे जागा मिळाली. तीस वाफे पाडले. प्रोफेसर, क्लार्क, होस्टेलच्या मुली, सगळ्यांना वाटून दिले. फाटकावर तीन भाषांत पाटी लावली: इथे जे उगवेल ते सगळ्यांचं. शनिवारी प्रत्येकाने आपली भाजी फाटकाजवळच्या टेबलावर ठेवायची आणि ज्याला जे हवं ते त्याने न्यायचं. पहिल्या हिवाळ्यात मुळा आणि मेथी इतकी आली की कुलगुरूंनी हातात फावडं धरून फोटो काढून घेतला. फावडं उलटं धरलं होतं, पण ते असो.

दुसऱ्या वर्षी जुलैत मधुवंती माझ्या दारात आली. मंगळवेढ्याची पोर, बॉटनीत पीएच.डी. करणारी, डोळ्यांखाली काळं आलेलं. मी बार्शीची. चंदीगडहून पाहिलं तर बार्शी आणि मंगळवेढा एकाच गल्लीत येतात. तिच्या हातात स्टीलचा डबा होता आणि डब्यात मूठभर ज्वारी.

"काकू, मला तीन वाफे द्या," ती म्हणाली. "पण यातलं काही टेबलावर ठेवता येणार नाही. कणीस पूर्ण वाळेपर्यंत कुणी हातसुद्धा लावायचा नाही."

मग तिने सगळं नीट समजावून सांगितलं. उत्तरेच्या थंडीत आपल्याकडच्या ज्वारीला फुलोरा येतो, पण दाणा भरत नाही. तिने दोन वर्षांत चारशे ताटं लावली, त्यातल्या फक्त एकोणीस ताटांत दाणा भरला. ते बी तिने डिपार्टमेंटच्या फ्रीजमध्ये जपून ठेवलं, आणि उन्हाळ्याच्या सुटीत कुणीतरी फ्रीज बंद करून गेलं. बुरशीतून जे वाचलं ते या डब्यात. डिपार्टमेंटच्या शेताचं तर पार्किंग झालेलं. यंदा पुन्हा दाणा भरला आणि ते बी हातात आलं, तर प्रबंध. नाही तर चार वर्षं पाण्यात.

"ग्रेवाल मॅडम म्हणाल्या, काकूंकडून लिहून घे," असं म्हणून तिने पर्समधून एक टाईप केलेला कागद अर्धवट बाहेर काढला. ग्रेवाल मॅडम म्हणजे तिच्या गाइड.

"आपल्या माणसांत लिहून घेतात का गं?" मी हसून म्हटलं.

ती लाजली. कागद घडी करून परत आत ठेवला आणि माझ्या पाया पडली. मी तिला पोहे खायला घातले.

ज्वारी डोक्याच्या वर गेली. शेजारच्या वाफ्यातले संधू सर रोज चेष्टा करायचे, "मैडम जी, चरी लगा दी? भैंस कब ला रहे हो?" पंजाबी माणसाला ते गुरांचं खाणं. एकाही पंजाबी माणसाने तिच्या पानाला बोट लावलं नाही. पोपट आले, तेव्हा मधुवंतीने प्रत्येक कणसाला खाकी कागदाची पिशवी बांधली आणि पिशवीवर पेन्सिलीने नंबर घातला, हे कणीस एकोणिसांपैकी कोणत्या ताटाच्या वंशाचं ते. सकाळ-संध्याकाळ येऊन पिशव्या मोजायची. बासष्ट होत्या.

दिवाळीनंतर आमच्या मराठी मंडळाचा मेळावा असतो. युनिव्हर्सिटीतले, मेडिकलचे डॉक्टर, एअर फोर्सची कुटुंबं, असे सगळे जमतात. आदल्या वर्षी मेघना नावाच्या एका विंग कमांडरच्या बायकोने सगळ्या मंडळाला मिसळ खाऊ घातली होती, आणि लोक वर्षभर त्या मिसळीचं नाव काढत होते. तीन वर्षांच्या पोस्टिंगवर आलेली बाई. मी भर बैठकीत सांगून टाकलं, "यंदा हुरडा. माझ्या बागेतला."

दुसऱ्या दिवशी मेघनाला घेऊनच बागेत गेले. मधुवंती पिशव्या तपासत होती. मी म्हटलं, "वीसेक कणसं काढून ठेव गं रविवारी."

"नाही काकू. ती मोजलेली आहेत. अजून महिनाभर वाळायला हवीत."

"बरं, दहा दे."

"एकसुद्धा नाही देता येणार, काकू. तुम्हाला सांगितलं होतं ना."

आवाज चढवला नव्हता तिने. पण मेघना तिथे होती. तिने मान दुसरीकडे वळवली, तरी तिच्या ओठांवरचं हसू मला दिसलंच. तेवीस वर्षांत मला असं तोंडावर नाही म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. त्या दिवशी मी जेवले नाही. तीन वाफ्यांची जागा मी दिली, पोहे मी खायला घातले, आणि ही शेंबडी पोर मला मोजून दाखवते.

रविवारी सकाळी ती झिरकपूरला दोन मुलांच्या शिकवणीला जाते आणि ट्रॅफिकमध्ये अडकून एकच्या आत परतत नाही, हे मला माहीत होतं. दहाला मी विळा घेतला.

हर्षवर्धन म्हणाले, "तिला विचारलंयस ना?"

"विचारलंय," मी म्हटलं. खोटं नव्हतं. ती काय म्हणाली, ते त्यांनी विचारलं नाही. मेघनाला मात्र मी आदल्या रात्रीच फोनवर सांगितलं होतं, पोरगी शेवटी तयार झाली.

बासष्टच्या बासष्ट कणसं कापायला अर्धा तास लागला. खड्डा खणून आगटी केली. गोवऱ्या थंडीने दमट झाल्या होत्या, पेट घेईनात. मग मी कणसांवरच्या पिशव्या ओरबाडून काढल्या आणि त्याच खाली घातल्या. कोरडा कागद, भसकन पेटला. कणसं निखाऱ्यात खुपसली, चोळली, पाखडली. दाणा हिरवागार, दुधाळ. लसणाची चटणी, गूळ, दही. एक म्हातारे डॉक्टर पहिला घास घेऊन रडायलाच लागले. अठ्ठावीस वर्षांनी हुरडा खात होते. मेघनाने चार वेळा मागून घेतला. चौथ्या वेळी म्हणाली, "इंद्रायणीताई, तुमची बरोबरी नाही." त्या वाक्यासाठी मी आणखी बासष्ट कणसं कापली असती.

मधुवंती त्या दिवशी लवकर आली. साडेबारालाच. आधी तिने वाफ्यातली मुंडकी उडालेली ताटं पाहिली, मग आम्हाला.

"काकू, पिशव्या कुठायत?" तिने विचारलं.

"पेटवायला घेतल्या."

टोपलीत अकरा कणसं अजून भाजायची राहिली होती. ती खाली बसली. एकेक कणीस उचललं, उलटंपालटं करून पाहिलं, परत ठेवलं. नंबर गेल्यावर सगळी कणसं सारखीच, आणि दुधाळ दाण्याचं बी होत नाही. काय झालंय हे कुणाला कळलंच नाही. मेघनाने मोठ्या मायेने तिच्या हातात प्लेट दिली. "ही तुझी मेहनत ना, बाळा? धन्य आहेस." लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारे डॉक्टर म्हणाले, पोरी, सुखी राहा, खा. वडीलधाऱ्यांसमोर तमाशा करू नये, अशा घरात वाढलेली मुलगी. तिने खाल्लं. कुणीतरी फोटोसाठी सगळ्यांना उभं केलं आणि हसा म्हणाले, तेव्हा ती हसलीसुद्धा. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता.

त्या क्षणी मला लाज वाटली. खोटं कशाला बोलू, चांगलीच वाटली. आणि माझ्यावर ही वेळ तिने आणली, म्हणून मला तिचा पहिल्यापेक्षा जास्त राग आला.

तीन दिवसांनी ती ग्रेवाल मॅडमना घेऊन घरी आली. युनिव्हर्सिटी एक वर्ष वाढवून देईल, पण पीक तिच्या संमतीशिवाय तोडलं गेलं, असं बाग समितीने लिहून द्यायला हवं. समितीची अध्यक्ष मी.

"बस एक लाइन, इंद्रायणी जी," ग्रेवाल मॅडम म्हणाल्या. "किसी का नाम मत लिखिए। लड़की का करियर है।"

लिहिलं असतं तर काय झालं असतं? मंडळात कळलं असतं. मेघनाला कळलं असतं. अठ्ठावीस वर्षांनी हुरडा खाऊन रडलेल्या माणसाला कळलं असतं, की आपण काय खाल्लं.

"मैडम, बोर्ड पर नियम लिखा है, जो उगेगा वो सबका," मी म्हटलं. "अलग से तो इसने मुझसे कुछ लिखवाया नहीं।"

मी मोबाइल काढून फोटो पुढे धरला. "और देखिए, सहमति नहीं थी तो प्लेट लेकर हँस क्यों रही है?"

ग्रेवाल मॅडमनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. मग तिला विचारलं, "तूने खाया था?"

"जी," मधुवंती म्हणाली.

मॅडम उठल्या. चहा तसाच राहिला. जाताना मधुवंती नेहमीसारखी वाकली, पण पायांपर्यंत हात आला नाही.

मुदत वाढली नाही. फेलोशिप डिसेंबरात संपली, जानेवारीत तिने होस्टेल सोडलं. आता डेराबस्सीला एका औषधाच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं तपासते, असं कानावर आलं.

यंदा मंडळाने मे महिन्यातच ठरवलं, मेळाव्याला हुरडाच. मी बार्शीहून पाच किलो बियाणं मागवलं आणि दहा वाफे ज्वारीखाली घेतले. लोकांना मेथी मिळाली नाही, नाही तर नाही. ताटं उंच झाली, कणसं आली, फुलोरा सुरेख. मग थंडी पडली. मेळाव्याच्या आठ दिवस आधी मी एक कणीस तळहातावर चोळलं आणि फुंकर मारली. सगळं उडून गेलं. दुसरं चोळलं, तिसरं चोळलं. दहा वाफ्यांत एक दाणा नाही.

मी मधुवंतीला फोन लावला. मला लाज कमी आहे, हे एव्हाना कळलंच असेल. मागे यंत्रांचा आवाज येत होता.

"अगं, तुझ्याकडचं ते बी थोडं पाठव ना. पुढच्या वर्षासाठी."

"नाहीये, काकू."

"मूठभर तरी असेल."

"नाही. तेवढंच होतं."

"मग कुठे मिळेल?"

"कुठेच नाही मिळणार," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. एखादा पत्ता सांगावा तसं बोलली. "मिळत असतं तर मी चार वर्षं कशाला घातली असती? ठेवू का काकू, सुपरवायझर आलेत."

मी फोन ठेवला आणि लगेच मेघनाला लावला. तीस माणसांना बोलावलंय, कारण तर सांगायला हवं होतं. म्हटलं, "हुरडा नाही जमणार यंदा. बी आहे मधुवंतीकडे, पण देत नाही."

"कमाल आहे," मेघना म्हणाली. "तुम्ही एवढं केलंत तिच्यासाठी."

"जाऊ दे गं," मी म्हटलं. "पहिल्यापासून तशीच आहे ती."