अध्यक्षांच्या टेबलावरची घंटा

मित्रांनो, हातात मावेल एवढी मी एक पितळी घंटा आहे. जुनी आहे, कडेला एक पोचा आहे आणि खरे सांगायचे तर आता दमले आहे. चर्चच्या घंटेला उंची मिळते, वारा मिळतो. माझ्या वाट्याला एक टेबल आले आणि त्या टेबलाभोवती बसणाऱ्या माणसांचे वाद. नॉर्वेच्या किनाऱ्यावर मासळीचा एक कारखाना आहे. तिथल्या कामगार संघटनेची मी सत्तर वर्षे घंटा आहे.

माझा जन्म बंदरावरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्या शेडमध्ये झाला. एका मोडीत काढलेल्या नावेचे पितळ तिथे भंगारात पडले होते. एका म्हाताऱ्या कारागिराने त्यातला तुकडा वितळवून मला ओतले, घासले, बर्चच्या लाकडाची मूठ बसवली आणि खोक्यात घालून हेर्डिसकडे पाठवून दिले. हेर्डिस कारखान्यात मासे कापायची. संघटनेची ती पहिली अध्यक्ष. तिचा आवाज अगदी बारीक होता. सभेत बर्फखान्यातले धिप्पाड पुरुष एकदा बोलू लागले की तिचेच काय, कोणत्याच बाईचे बोलणे ऐकू जात नसे. म्हणून मला बनवून घेतले होते. पुरुषांचा गलबला वाढला की हेर्डिस मला वाजवायची आणि कोपऱ्यातल्या एखाद्या बाईकडे बोट दाखवायची.

त्या काळी मासे कापायच्या दालनात शेकोटी नव्हती. बायकांची बोटे दिवसभर बर्फाच्या पाण्यात असत. एका हिवाळ्यात संप झाला आणि नऊ आठवडे काम बंद राहिले. बायका फाटकासमोर बर्फात उभ्या राहायच्या आणि घरून आणलेले उकडलेले बटाटे वाटून खायच्या. दहाव्या आठवड्यात मालकाने मान्य केले. जेवणासाठी एक उबदार खोली मिळाली आणि त्या खोलीत गरम पाण्याचा नळ. पहिल्या दिवशी बायका रांगेने त्या नळाखाली हात धरून उभ्या होत्या, असे हेर्डिसने सभेत सांगितले.

पुढची काही वर्षे माझे फार कौतुक झाले. एक मेच्या मिरवणुकीआधी मला चिंचेसारख्या आंबट कशानेतरी घासत, माझ्याखाली लाल कापड अंथरत. हेर्डिस म्हातारी झाली, गेली. तिच्यानंतर दोघे अध्यक्ष झाले आणि मग ओडवार आला.

ओडवार वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढची गोष्ट ऐकून तुम्हाला तसे वाटेल. कुणी आजारी पडले तर स्वतःच्या गाडीतून तो दवाखान्यात न्यायचा. मालकाशी झालेल्या कराराचे प्रत्येक कलम त्याला पाठ होते. पण तो बावीस वर्षे अध्यक्ष राहिला. हळूहळू सगळी बोलणी व्यवस्थापकाच्या खोलीत होऊ लागली. सभा उरली वर्षातून एक, फेब्रुवारीत, संध्याकाळी सहाला, कामगार भवनात. त्या वेळी दुसरी पाळी मासे पुढे नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर कामाला असायची. सूचना लागायची ती फक्त नॉर्वेजियन भाषेत. कारखान्यात मात्र आता निम्म्याहून जास्त माणसे लिथुआनिया, पोलंड आणि एरिट्रियाहून आलेली होती. सभेला वीसेक निवृत्त लोक यायचे, वॅफल आणि तपकिरी चीज खायचे, अहवाल ऐकून हात वर करायचे. मी दोनदा वाजायचे, सभा सुरू करताना आणि संपवताना. मधला वेळ मी पेंगत असे.

मग एका फेब्रुवारीत युरगिता आली. लिथुआनियाची. सहा वर्षे ती तिसऱ्या टेबलावर माशांचे काटे काढत होती आणि सभेला येण्यासाठी तिने पाळी बदलून घेतली होती. शेवटचा विषय आला, 'इतर'. ती उभी राहिली. तिची नॉर्वेजियन अडखळत होती. पट्ट्याच्या वर एक दोरी असते, ओढली की पट्टा थांबतो, असे तिने सांगितले. मग तिसऱ्या टेबलाची दोरी, असे म्हणाली आणि पुढचा शब्द शोधू लागली. स्वयंपाकघरातून कॉफीचा वास येत होता. कुणीतरी खुर्ची मागे सरकवली. ओडवार हसून म्हणाला की हे लेखी दे, आपण नक्की बघू. आणि त्याने मला वाजवले.

मी वाजले. वाजणे हेच माझे काम. पण तो आवाज मला अजून विसरता येत नाही.

पाच आठवड्यांनी तिसऱ्या टेबलावरच्या रासाचा हातमोजा पट्ट्यात अडकला. तिने दोरी ओढली. दोरी ढिली होती. पट्टा थांबला तोवर तिची दोन बोटे गेली होती.

त्यानंतरच्या एका शनिवारी सकाळी ओडवार भवनात एकटाच जुने कागद लावत बसला होता. युरगिता आत आली आणि तिने पावाची एक कागदी पिशवी माझ्या शेजारी ठेवली.

"हे काय?" ओडवारने विचारले.

"आमची कार्डं. एक्केचाळीस जणांची. आम्ही संघटना सोडतोय."

"बस, युरगिता. कॉफी घे."

"कॉफी नको. रासाला काल घरी आणलं. ती मला विचारत होती, तू सभेत सांगितलं होतंस ना? मी म्हटलं, सांगत होते."

ओडवारने हातातले कागद खाली ठेवले. मग म्हणाला, "मी तुला लिहून द्यायला सांगितलं होतं. रीत असते गं."

"तुमच्या भाषेत मला लिहिता येत नाही. बोलता येतं, तेही हळूहळू. तेवढं बोलू द्यायचं होतंस." मग तिने विचारले, "आपला सुरक्षा प्रतिनिधी कोण आहे? भिंतीवर नाव नाही."

"मी," ओडवार म्हणाला.

"पट्ट्याजवळ शेवटचा कधी आलास?"

त्याने मनात हिशेब केला. "अकरा वर्षं झाली असतील."

ती ओरडली असती तर त्याला सोपे गेले असते. तिने फक्त डोक्यावरची टोपी नीट केली आणि दाराकडे वळली. तेव्हा ओडवार म्हणाला, "कार्डं सोमवारपर्यंत इथंच राहू देत. सोमवारी मी येतो."

सोमवारी दुपारी त्याने मला कोटाच्या खिशात टाकले. जेवणाच्या सुट्टीत सभा घ्यायची असे त्याच्या मनात होते. पण तो आधी कापण्याच्या दालनात गेला. खिशातून मला काही दिसत नव्हते. पट्ट्याचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता. अपघातानंतर तिसऱ्या टेबलाची दोरी दुरुस्त झाली होती, म्हणून तो सातव्या टेबलापाशी गेला. त्याचा हात वर गेलेला मला कोटाच्या ताणावरून कळला. त्याने दोरी ओढली. खडखडाट तसाच चालू राहिला. त्याने पुन्हा ओढली. खडखडाट चालूच. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मग तो मोठ्याने म्हणाला की सगळे बाजूला व्हा, पट्टा बंद करा. धोका दिसला तर सुरक्षा प्रतिनिधी काम थांबवू शकतो, तसा कायदाच आहे. इतक्या वर्षांत त्याने तो हक्क एकदाही वापरला नव्हता.

व्यवस्थापक धावत आला.

"दोन बोटी धक्क्याला लागल्यात, ओडवार. माल खराब होईल. माझी अडचण तुला कळते ना?"

"कळते," ओडवार म्हणाला. "बावीस वर्षं कळत आली. आज पट्टा बंद राहील."

दीड दिवस पट्टा बंद होता. नऊ दोऱ्यांपैकी चार कामाच्या नव्हत्या.

जेवणाच्या खोलीत ओडवार उभा राहिला. त्याने मला बाहेर काढले, पण वाजवले नाही. तो एक वाक्य बोले, युरगिता ते लिथुआनियनमध्ये सांगे, दुसरे कुणी पोलिशमध्ये. मी युरगिताला सभेत मध्येच थांबवलं, असे तो म्हणाला. दोरीची जबाबदारी माझी होती आणि मी ती पाहिली नाही. रासाची बोटं आता परत येणार नाहीत. मग त्याने सुरक्षा प्रतिनिधीची जागा सोडली आणि तिथल्या तिथे चिठ्ठ्या टाकून निवडणूक घेतली. युरगिता निवडून आली. पिशवीतली सव्वीस कार्डे माणसांनी परत घेतली. पंधरा जणांनी घेतली नाहीत. त्यांतले काही जण आजही बाहेरच आहेत.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मीही खूश झाले असते. पण सुधारणा म्हणजे फार दमवणारे काम आहे. सभा जेवणाच्या खोलीत आल्या, दर महिन्याला, प्रत्येक पाळीसाठी वेगळ्या. सूचना चार भाषांत लागू लागल्या. सहा वर्षांपेक्षा जास्त कुणी अध्यक्ष राहायचे नाही, असा नियम झाला. सगळ्याला दुप्पट वेळ लागू लागला आणि जुने लोक कुरकुरू लागले. सिन्नवे तीस वर्षे संघटनेची चिटणीस होती. एकदा ती सगळ्यांसमोर म्हणाली, "आमच्याच संघटनेत आता आम्हाला भाषांतराची वाट बघत बसावं लागतं."

युरगिता म्हणाली, "मी सहा वर्षं बसले, सिन्नवे. तू दहा मिनिटं बस."

सिन्नवे लाल झाली. पण बसली. पुढच्या महिन्यात चारही भाषांतल्या सूचना तीच छापून आणू लागली. पोलिश अक्षरांवरचे ठिपके मात्र ती नेहमी विसरायची, आणि पोलिश लोक पेनाने ते देऊन तिला चिडवायचे.

ओडवार पुढच्या फेब्रुवारीत निवृत्त झाला. बँड नव्हता, भाषणे नव्हती. तो दर गुरुवारी रासाकडे जायचा. तिच्या भरपाईसाठी अर्जांवर अर्ज करायचे होते आणि कागदांतले त्याच्याइतके कुणाला कळत नव्हते. रासाने त्याला माफ केले असे मी ऐकले नाही. ती त्याला कॉफी द्यायची, एवढे ऐकले.

आता युरगिता अध्यक्ष आहे. चार वर्षे झाली. सकाळी पट्टा, दुपारी तक्रारी, घरी गेल्यावर फोन. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे आली आहेत. तिने मला कधी वाजवले नाही. तो आवाज तिला आवडत नाही. मागच्या महिन्यापर्यंत मी जेवणाच्या खोलीत साखरेच्या डब्याशेजारी पडून असायचे. धूळ बसायची. कधी कधी वाटायचे की निदान एकदा कुणीतरी पुसावे.

मागच्या महिन्याच्या सभेत बर्फखान्यातला तेस्फाय बोलायला उभा राहिला. एरिट्रियाचा, नवा, संकोची. त्याला शब्द सापडत नव्हते. पाळी सुरू व्हायला सहा मिनिटे उरली होती, लोक घड्याळाकडे बघत होते. तेवढ्यात युरगिताचा हात माझ्या मुठीवर आला. मित्रांनो, सत्तर वर्षांत मी खूप हात ओळखले आहेत. वाजवायला आलेला हात मला लगेच कळतो. तो हात वाजवायलाच आला होता.

तिने माझ्याकडे पाहिले. मग माझी जीभ, म्हणजे आतला लोलक, दोन बोटांत धरून मला उचलले, भिंतीवरचे कपाट उघडले आणि मला कपांच्या मागे ठेवून दार लावले.

"बोल, तेस्फाय," ती म्हणाली. "आम्ही बसलोय."

अंधारातून मी ऐकत होते. त्याला बराच वेळ लागला. बर्फखान्याचे दार आतून उघडत नाही, एवढेच त्याला सांगायचे होते. दुसऱ्या दिवशी जेवताना लोक बोलत होते त्यावरून पुढचे कळले. सकाळी युरगिता स्वतः बर्फखान्यात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, आता दार लावा. दार बाहेरूनच उघडावे लागले. दुपारच्या आत आतून उघडणारी कडी बसली.

मी अजून त्या कपाटातच आहे. मला बाहेर काढा, घासा, लाल कापडावर ठेवा, असे मी आता म्हणणार नाही. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुठेतरी कामाला लागाल. तिथे तुमची एक संघटना असेल. तिला कुणा एकाच्या हाती सोपवून घरी जाऊ नका, तो माणूस कितीही चांगला असला तरी. सभेला जा. कंटाळा येईल, पाठ दुखेल, कुणीतरी फार हळू बोलत असेल. त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत बसा.