साडेदहाचा चहा

हिगाशी-कसाईत नेत्राच्या खिडकीसमोर एका जपानी आजींचं जुनं घर होतं. ते पाडून तिथे आता तीन घरं उभी राहायची होती. जागा केवढी, तर नेत्राच्या बाबांनी तिथे एक गाडी लावताना दहा वेळा पुढे-मागे केलं असतं.

काम सुरू होण्याआधी मुख्य सुतार होसोया-सान दारात आले होते. हातात कागदात गुंडाळलेला टॉवेल, वर एक चिठ्ठी. नेत्राला वाटलं, आला कुणी विक्रेता. अनोळखी माणसाकडून फुकटचं काही घ्यायचं नाही, हे आईने लहानपणीच डोक्यात घातलेलं. तिने गोड हसून, हात हलवत "नको, नको" म्हटलं आणि दार लावलं. पीएचडी झालेली बाई, पण अक्कल नेमकी अशा वेळी रजेवर जाते.

तेव्हापासून होसोया-सान रोज तिच्या इमारतीपुढचा रस्ता झाडायचे आणि ती दिसली की कमरेत वाकायचे. काय नम्र माणसं आहेत, असं ती नवऱ्याला, पुष्करला, कौतुकाने सांगायची.

आणि गुरुवारी सकाळी नऊला दारात क्रेन! लाकडी मोगऱ्यांचे घाव सुरू झाले आणि नेत्राचं धाबं दणाणलं. साडेदहाला तिची नव्या नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती. मार्चमध्ये लॅबमधला करार संपत होता आणि ही शेवटची संधी होती. ती हुकली तर आठ वर्षांचं संशोधन गुंडाळून नवऱ्याच्या व्हिसावर घरी बसायचं. लॅब दोन तासांवर, म्हणजे तिकडे पळणंही शक्य नव्हतं.

तरी तिची नजर खिडकीतून हटेना. आठ माणसं, कुणी कुणावर ओरडत नव्हतं. क्रेनने तुळई खाली आणली की चार इंच रुंदीच्या लाकडावरून एक जण आपल्याच घरात चालावं तसा यायचा, दोन घाव घालायचा, आणि तुळई खाचेत गपकन बसायची. पाऊण तासात हवेत एक मजला उभा राहिला. नेत्रा आ वासून बघत होती, मग घड्याळ बघून तशीच खाली धावली.

तिने तोंड उघडायच्या आतच होसोया-साननी हेल्मेट काढलं. "माफ करा. हे बांधकाम तुम्हाला मान्य नाही, ठाऊक आहे आम्हाला."

"मला? मी कुठे असं म्हटलं?"

"टॉवेल परत केलात ना."

नेत्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टॉवेल म्हणजे होणाऱ्या त्रासाबद्दल शेजाऱ्यांची आगाऊ माफी, आणि चिठ्ठीत आजची तारीख आणि गोंगाटाच्या वेळा होत्या म्हणे. तिने चूक कबूल केली आणि मुलाखतीचंही सांगून टाकलं. त्यांनी आभाळाकडे पाहिलं. उद्या पाऊस होता, क्रेन आजच्यापुरतीच होती आणि अंधार पडण्याआधी छप्पर झाकायचं होतं.

"दहाचा चहा साडेदहाला घेऊ," ते म्हणाले. "किती वेळ लागेल?"

"अर्धा तास."

"झालं की खिडकी उघडा."

मुलाखतीत नेत्राने सुरुवातीलाच आवाजाबद्दल माफी मागून ठेवली. पुढे प्रश्नांवर प्रश्न निघत गेले आणि ती बोलण्यात इतकी रंगली की वेळेचं भान राहिलं नाही. शेवटी समितीच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "समोर बांधकाम आहे म्हणालात. आम्हाला तर काहीच ऐकू आलं नाही."

नेत्राने घड्याळ पाहिलं. अकरा वीस! तिने लॅपटॉप खिडकीकडे वळवला.

खाली लाकडांच्या ढिगावर आठही जण ओळीने बसले होते. चहाचे कप केव्हाच रिकामे झालेले, मोगऱ्या मांडीवर. क्रेन जागच्या जागी उभी. कुणी फोनवर नाही, कुणी गप्पा मारत नाही. एक बाई बोलतेय म्हणून आठ माणसं आपल्या दिवसातला जवळजवळ तास तिला देऊन गप्प बसली होती. नेत्राने अडखळत सगळा प्रकार सांगितला.

पडद्यावरचे पाचही जण नीट बघायला पुढे झुकले. मग प्रमुख बाई म्हणाल्या, "आता त्यांना काम करू द्या. बाकीचं आपण एप्रिलमध्ये बोलू, इथे आल्यावर."

नेत्राने खिडकी उघडली आणि कमरेत वाकली, आयुष्यात कुणापुढे वाकली नव्हती इतकी. होसोया-साननी नुसता हात वर केला, आणि पाचच मिनिटांत घाव पुन्हा सुरू झाले. त्या आवाजात तिला मनसोक्त, मोठ्याने रडता आलं.